जमशेटजी टाटा आणि त्यांचे सल्लागार

आपल्या मंडळाच्या चिटणीसांनी यंदाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर पुरुषाचे अल्पचरित्र लिहून देण्याविषयी प्रस्तुत लेखकास सुचविले. थोर पुरुषांची चरित्रे आपल्या घरोघरी वाचली जातात. त्यांत पुन्हा एकाची भर घालावी असे विशेष वाटत नव्हते. परंतु गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या समाजातील कितीतरी तरुण नोकरीचा नाद सोडून स्वतःचा धंदा उभारण्याच्या खटपटीस लागले आहेत. कोणी सरकीच्या तेलाचा कारखाना काढीत आहे, कोणी दूध थंड करण्याचे केंद्र, कोणी डाळमिल. त्यांतील काहीजण शाळामास्तर म्हणून आमच्या हाताखालून गेलेले असल्यामुळे कधीमधी घरी येतात आणि विचारतात की, गुरुजी, या कामी सल्ला कोणाचा घ्यावा? सल्लागार म्हणविणारे पुष्कळ भेटतात. खरा कोणता हे कसे ओळखावे? या प्रश्नाचे उत्तर आमच्यासारख्या मॅट्रिक शिकलेल्या शिक्षकापाशी कोठून असणार? तथापि हा प्रश्न ज्याने आयुष्यभर सोडविला, तोही लाखो रुपये पणाला लावून सोडविला, असा एक पुरुष होऊन गेला. त्याचे चरित्र या दृष्टीने फारसे कोणी सांगत नाही, म्हणून ते येथे सांगण्याचे योजिले आहे.

जमशेटजी नसरवानजी टाटा यांचा जन्म 3 मार्च 1839 रोजी गुजराथेत नवसारी येथे एका पारशी कुटुंबात झाला. घराण्यात परंपरेने भिक्षुकी होती. वडील नसरवानजी यांनी ती सोडून मुंबईस व्यापार आरंभिला. जमशेटजींचे शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात झाले आणि 1858 मध्ये ते संपताच ते वडिलांच्या पेढीत दाखल झाले. पुढील वर्षी ते हाँगकाँगला गेले. तेथे कापूस, अफू, रेशीम, चहा यांच्या उलाढालीत त्यांस व्यापाराचे पहिले धडे मिळाले.

त्यानंतर थोड्याच काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईत कापसाची जी अपूर्व तेजी आली, तिची हकीकत आपल्यापैकी पुष्कळांनी वाचली असेल. युद्ध संपताच 1865 मध्ये ती तेजी कोसळली. जमशेटजी त्या वेळी लंडनमध्ये होते. हाती असलेल्या हुंड्यांची किंमत कागदाइतकीही उरली नाही. सावकारांस तोंड चुकविण्याऐवजी त्यांनी सर्व हिशेब त्यांच्यापुढे मांडला. त्या सचोटीचा सावकारांवर असा परिणाम झाला की, पेढीचा व्यवहार उलगडण्याचे काम त्यांनी जमशेटजींकडेच सोपविले आणि त्यासाठी दरमहा वीस पौंड वेतनही ठरवून दिले. आमच्या मते जमशेटजींना मिळालेला सर्वांत महाग सल्ला हाच. बाजारात सर्वजण एकच गोष्ट सांगू लागले की तिला सल्ला म्हणत नाहीत, एवढे त्यांस पंचविशीच्या सुमारास कळून चुकले.

मुंबईस परतल्यावर 1869 मध्ये त्यांनी चिंचपोकळी येथील एक बुडालेला तेलाचा कारखाना विकत घेतला, त्याची सूतगिरणी केली आणि दोन-तीन वर्षांत ती नफ्याने विकून टाकली. मग इंग्लंडात लँकेशायरला जाऊन गिरणीचा धंदा त्यांनी डोळ्यांनी पाहिला. परत आल्यावर मोठी गिरणी उभारावयाची ठरली. मुंबईत गिरण्यांची दाटी होत होती आणि सर्वांचा आग्रह मुंबईचाच होता. जमशेटजींनी मात्र जागा शोधताना तीनच प्रश्न विचारले: कापूस जवळ पिकतो काय, कोळसा जवळ मिळतो काय, आणि पाणी आहे काय. या तिन्हींचे उत्तर नागपूरला मिळाले. तेथे जुम्मा तलावाजवळची दलदलीची जमीन त्यांनी घेतली. ती जागा भरून काढण्यासाठी भांडवल मागितले असता तेथील एका सावकाराने, हा गृहस्थ खड्ड्यात सोने ओतीत आहे असे म्हणून नकार दिला, अशी कथा आहे. त्याच सावकाराने पुढे आपली चूक कबूल केली असेही सांगतात.

1874 मध्ये पंधरा लाख रुपये भांडवलाची कंपनी स्थापन झाली आणि 1 जानेवारी 1877 रोजी, व्हिक्टोरिया राणीस हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित केले त्याच दिवशी, गिरणी चालू झाली. म्हणून तिचे नाव एम्प्रेस मिल.

आता आपल्या विषयाचा भाग येतो. ही गिरणी चालविण्यास जमशेटजींनी ज्या दोन माणसांची निवड केली, ती पाहण्यासारखी आहे. पहिले बेझनजी दादाभाई मेहता. हे रेल्वेत मालवाहतुकीच्या खात्यातील अधिकारी. सूत कसे काततात हे त्यांस ठाऊक नव्हते. दुसरे जेम्स ब्रुक्सबी, लँकेशायरचे यंत्रतज्ज्ञ. त्यांस यंत्र कळत होते, पण नागपूरची माणसे, भाषा व रीतभात अपरिचित. सामान्य मालकाने ब्रुक्सबींस सर्वाधिकारी केले असते, कारण ते विलायतेहून आलेले आणि धंद्यातले. जमशेटजींनी कारभार बेझनजींच्या हाती दिला व यंत्राविषयीचा सल्ला ब्रुक्सबींकडून घेतला. माणसे सांभाळणे व वेळेवर माल हलविणे हे ज्याला येते तो कापसाचे शिकून घेईल, उलटे होणे अवघड, असा त्यांचा विचार असावा. बेझनजी खरोखरच शिकले. कामावर नियमित न येणाऱ्या कामगारांस दंडापेक्षा बक्षिसे, निवृत्तिवेतन, भविष्यनिर्वाह निधी यांनी गिरणीशी बांधून घेण्याची पद्धत तेथे पडली, ती हिंदुस्थानात पुष्कळच लवकरची होय.

आरंभी मात्र एक चूक झाली. पहिली यंत्रे स्वस्त व हलक्या दर्जाची घेतली गेली होती. उत्पादन वाईट निघाले, भाग घेतलेले लोक कुरकुर करू लागले. जमशेटजींनी ती यंत्रे काढून चांगली बसविली. पुढे 1883 मध्ये रिंग नावाची नवी चाती निघाल्याचे ऐकताच त्यांनी दोन साचे मागवून ते ब्रुक्सबींच्या स्वाधीन केले. लँकेशायरच्या नामांकित यंत्रकारांचा त्या वेळी या नव्या पद्धतीवर विश्वास नव्हता. ब्रुक्सबींनी नागपूरलाच प्रयोग करून पाहिले व साच्याचा वेग पुष्कळ वाढविला. मग गिरणीत तेच साचे आले. यंत्र विकणाऱ्याचे मत आणि यंत्र चालविणाऱ्याचे मत या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि दुसरीसाठी पगार द्यावा लागतो, हे येथे स्पष्ट होते.

सर्वच निवडी अशा उतरल्या असे मात्र नाही, आणि चरित्र लिहिताना ते झाकून ठेवणे बरे नव्हे. 1886 मध्ये कुर्ल्याची धरमसी मिल त्यांनी साडेबारा लाखांस घेतली. मूळ खर्चाच्या मानाने ही किंमत इतकी अल्प होती की, यंत्रांची जशी तपासणी व्हावयास पाहिजे होती तशी ती झाली नाही. यंत्रे जीर्ण निघाली, मालाविषयी तक्रारी आल्या, भागांची किंमत उतरली, आणि ज्या माणसाच्या नावावर लोक डोळे मिटून पैसे देत, त्यास कर्ज मिळेना. तेव्हा त्यांनी आपली खाजगी मिळकत गुंतविली, नागपूरहून अनुभवी माणसे आणविली आणि काही वर्षांच्या कष्टाने ती गिरणी मार्गास लाविली. हीच स्वदेशी मिल. आगबोटींच्या धंद्यात तर त्यांस माघारच घ्यावी लागली. लांब धाग्याचा इजिप्शियन कापूस आपल्या जमिनीत व्हावा म्हणून त्यांनी प्रयोग केले व 1896 मध्ये त्याविषयी टिपण छापून वाटले. त्यासही म्हणावे तसे यश आले नाही. आपल्या गेवराई-माजलगावकडील कापूस उत्पादकांनी ही गोष्ट मुद्दाम लक्षात घेण्यासारखी आहे, कारण नवे बियाणे आले की आपल्याकडे प्रयोगाचा वाफा न करता सगळे रानच पेरण्याची रीत आहे.

येथे थोडे विषयांतर करण्याची परवानगी असावी. आपला बीड जिल्हा कोरडा. बोअर घ्यावयाचे म्हणजे आधी पाणाड्यास बोलवावयाचे. तो तळहातावर नारळ धरून किंवा कडुलिंबाची दुबेळकी घेऊन शेतात फिरतो, एके ठिकाणी थांबतो आणि येथे घ्या म्हणून सांगतो. नारळ, टोपी-उपरणे व दक्षिणा घेऊन तो जातो. मग गाडी येते, चारशे फूट धुरळा निघतो, आणि शेतकरी आपल्या नशिबास बोल लावितो. इतक्या वर्षांत, येथे पाणी नाही, मशीन परत पाठवा, असे सांगणारा पाणाडी आम्ही पाहिला नाही. आणि तसे सांगणाऱ्यास दक्षिणा देणारा शेतकरीही पाहिला नाही. दोष एकट्या पाणाड्याचा नाही.

आमच्या थोरल्या चुलतबंधूंची हकीकत याच प्रकारची. सुमारे तीस वर्षांपूर्वी त्यांनी चार एकर जमीन विकून व वर कर्ज काढून डाळमिल घातली. मोठ्या शहरातील एका सल्लागाराने आठ दिवसांत प्रकल्पाचा जाडजूड अहवाल तयार करून दिला. चांगला टंकलिखित, निळ्या पुठ्ठ्याचा. दादांनी तो देवघरात ठेविला होता. तीन वर्षांनी मिलला कुलूप लागल्यावर प्रस्तुत लेखकाने तो प्रथमच बारकाईने वाचला, तेव्हा एके पानावर दुसऱ्याच जिल्ह्यातील तालुक्याचे नाव तसेच राहून गेलेले आढळले. तुरीच्या आवकेचे आकडे तिकडचे होते. आमच्या भागात तितकी तूर निम्म्यानेही येत नव्हती. यंत्र मात्र त्या आकड्यांच्या मापाने घेतलेले, आणि ज्याने यंत्र विकले त्याच्याकडूनही सल्लागाराचे कमिशन ठरलेले होते, असे मागाहून कळले. आम्ही त्या वेळी शिक्षक होतो. अहवाल आधी वाचावयास मागितला असता तर दादांनी दिला असता. तो मागितला नाही, ही रुखरुख अजून जात नाही.

म्हणूनच जमशेटजींच्या आयुष्यातील लोखंडाचे प्रकरण आम्ही पुन्हा पुन्हा वाचितो. 1882 मध्ये रिटर फॉन श्वार्ट्झ नावाच्या एका जर्मन भूगर्भशास्त्रज्ञाचा अहवाल त्यांच्या वाचनात आला. चांदा जिल्ह्यात लोहारा येथे उत्तम लोखंडी दगड आहे आणि जवळच वरोऱ्यास कोळसा आहे, अशी त्यात माहिती होती. नागपूरच्या गिरणीमुळे तो मुलूख जमशेटजींच्या परिचयाचा. मन किती उचंबळून आले असेल! परंतु त्यांनी जमीन घेतली नाही, भट्टी मागविली नाही. वरोऱ्याच्या कोळशाचे नमुने त्यांनी जर्मनीत तपासून घेतले. तो कोळसा या कामी उपयोगी नाही असे उत्तर आले. शिवाय खाणींचे सरकारी नियम जाचक होते. त्यांनी विषय मिटवून ठेविला, सोडला नाही. त्यासंबंधीचे कागद मात्र ते जमवीत राहिले.

मधल्या काळात त्यांची इतर कामे वाढत होती, आणि प्रत्येक ठिकाणी माणूस हुडकण्याची त्यांची रीत दिसते. विज्ञानाचे उच्च शिक्षण देणारी संस्था काढण्याचे मनात येताच त्यांनी बरजोरजी पादशहा यांस परदेशांतील विद्यापीठे पाहण्यास पाठविले. पुढे विख्यात रसायनशास्त्रज्ञ सर विल्यम रॅम्से यांस पाचारण झाले व त्यांनी संस्थेसाठी बंगलोर सुचविले. म्हैसूर संस्थानात रेशमाची शेती काढली तेव्हा जपानी तज्ज्ञ आणविले. मुंबईचे ताजमहाल हॉटेल रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य या आपल्या मराठी शिल्पज्ञाकडे व त्यांचे सहकारी मिर्झा यांच्याकडे सोपविले. वैद्य वारल्यावर चेंबर्स यांनी ते पूर्ण केले, आणि 1903 च्या डिसेंबरात ते उघडले. सह्याद्रीवर पावसाचे पाणी अडवून वीज करण्याची कल्पना तर डेव्हिड गॉस्लिंग नावाच्या मुंबईच्या एका वास्तुशिल्पज्ञाची. वीज हा त्याचा व्यवसाय नव्हे, म्हणून दुसऱ्या कोणी हसून सोडले असते. जमशेटजींनी ती ऐकून घेतली आणि मग त्या विद्येच्या जाणकारांकडून तपासून घेतली.

1899 नंतर खाणींचे नियम सैल झाले. जमशेटजींनी साठी गाठली होती, प्रकृती बरी राहत नव्हती. तरी ते विलायतेस जाऊन भारतमंत्री लॉर्ड हॅमिल्टन यांस भेटले आणि 1902 मध्ये अमेरिकेस गेले. तेथील कारखाने व खनिजाचे बाजार त्यांनी पाहिले आणि पिट्सबर्ग येथे ज्युलियन केनेडी या पोलादी कारखाने बांधणाऱ्या प्रख्यात अभियंत्याची गाठ घेतली. केनेडी हा कारखाने बांधणारा. त्याने होकार दिला असता तर मोठे काम त्याच्या पदरात पडणार होते. परंतु त्याने आधी इशारा दिला की, दगड, कोळसा, चुना, पाणी व बाजार यांची शास्त्रशुद्ध पाहणी झाल्यावाचून काही बोलणे व्यर्थ आहे, त्या पाहणीसच फार मोठा खर्च येईल, आणि एवढे करून हाती शून्यही येईल. जमशेटजींनी तो खर्च सोसण्याची तयारी दाखविली. तेव्हा केनेडीने, अशा पाहणीस योग्य माणूस न्यूयॉर्कचा चार्ल्स पेज पेरिन, असे सांगितले.

आमच्या मते या भेटीत सल्लागार निवडण्याची सगळी विद्या आली. ज्याला त्या धंद्यातले कळते पण त्या विशिष्ट कामात ज्याचा स्वार्थ आड येत नाही, किंवा येत असूनही जो तो बाजूस ठेवितो, अशा माणसास प्रथम विचारावे. मला काम दे असे नव्हे, तर हे काम कोण जाणतो, असे विचारावे. दादांनी त्या शहरात अहवाल देणाऱ्याशिवाय दुसऱ्या कोणास विचारले नव्हते.

जमशेटजी न्यूयॉर्कला गेले व पूर्वसूचना न देता पेरिन यांच्या कचेरीत शिरले. निराळ्या वेषातील या वृद्ध परदेशी गृहस्थास पाहून पेरिन चकित झाले. आपण शोधीत होतो तो माणूस सापडला, आपण हिंदुस्थानात येऊन पाहणी करावी, लागेल तो खर्च मी देईन, अशा आशयाचे त्यांचे बोलणे झाले. पेरिन यांनी पुढे अनेकदा ही आठवण सांगितली; त्या चेहऱ्यावरील निश्चय व सौजन्य पाहून आपल्याने नाही म्हणवले नाही, असा तिचा भाव आहे. हा खर्च कंपनीचा नव्हता, कारण कंपनी अस्तित्वातच नव्हती. तो जमशेटजींचा खाजगी होता.

पेरिन यांनी आपले सहकारी भूगर्भशास्त्रज्ञ सी. एम. वेल्ड यांस पुढे पाठविले. जमशेटजींचे चिरंजीव दोराबजी व भाचे शापुरजी सकलातवाला यांच्याबरोबर वेल्ड चांद्याच्या रानात हिंडले. बैलगाडी, तंबू, वाघाचे भय, पाण्याची टंचाई. ज्यांनी तो मुलूख पाहिला आहे त्यांस वर्णन नको. लोहाऱ्याची टेकडी लोखंडाचीच होती. परंतु तो साठा मोठा कारखाना चालविण्याइतका नाही, आणि जवळचा कोळसा निरुपयोगी, असे वेल्ड यांचे मत पडले. वीस वर्षे उराशी बाळगलेल्या स्वप्नास, स्वतःच पैसे देऊन आणविलेल्या माणसाने नकार दिला! जमशेटजींनी तो मानला. वेल्ड यांस दोष दिला नाही, दुसऱ्या कोणाकडून अनुकूल अहवाल मागविला नाही. आपला पाणाड्याचा अनुभव आठवावा आणि मग या गोष्टीचे मोल करावे.

त्यानंतर दोराबजी नागपूरला कचेरीत हा नकार कळविण्यास गेले असता, साहेबांची वाट पाहताना सहज समोरच्या वस्तुसंग्रहालयात शिरले. तेथे भिंतीवरील भूगर्भाच्या नकाशात द्रुग जिल्ह्याचा भाग गडद रंगविलेला त्यांस दिसला. त्यावरून धल्ली-राजहराच्या लोखंडी टेकड्यांचा माग लागला. दगड उत्तम निघाला, पण योग्य कोळसा व पाणी जवळ नव्हते, म्हणून तीही जागा सोडली गेली. पुढे स्वातंत्र्यानंतर भिलाईच्या कारखान्यास त्याच टेकड्यांनी दगड पुरविला.

तो भूभाग पूर्वी सरकारी भूगर्भ खात्यासाठी ज्यांनी तपासला होता, ते बंगाली भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस त्या वेळी मयूरभंज संस्थानच्या चाकरीत होते. त्यांनी 24 फेब्रुवारी 1904 रोजी जमशेटजींना आपण होऊन पत्र लिहिले की, मयूरभंजात गोरुमहिसानी येथे लोखंडी दगडाचे मोठे साठे आहेत आणि झरियाचा कोळसा तेथून दूर नाही. ते पत्र आले तेव्हा जमशेटजींचे दिवस भरत आले होते. औषधोपचारासाठी ते युरोपात गेले आणि 19 मे 1904 रोजी जर्मनीत नॉहाइम येथे त्यांचा अंत झाला. लोखंडाची कंपनी नाही, विजेचे धरण नाही, विज्ञानसंस्थाही नाही; तिन्ही कामे कागदावरच राहिली होती.

परंतु माणसे निवडलेली होती. दोराबजी, पेरिन व वेल्ड यांनी बोस यांच्या पत्राचा माग काढून गोरुमहिसानी पाहिली आणि या वेळी वेल्ड यांनी होकार दिला. 26 ऑगस्ट 1907 रोजी कंपनी स्थापन झाली. सुवर्णरेखा व खरकाई या नद्यांच्या संगमाजवळ साकची गावी बांधणीस आरंभ झाला. बांधणीचे काम ज्युलियन केनेडी यांच्या मंडळीस मिळाले. ज्याने पिट्सबर्गला आधी पाहणी करा म्हणून सांगितले होते, तोच हा. पेरिन कंपनीचे सल्लागार अभियंते राहिले. खोपोलीची वीज 1915 मध्ये मुंबईच्या गिरण्यांस मिळू लागली. साकचीच्या भट्टीतून पोलादाची पहिली लगड 16 फेब्रुवारी 1912 रोजी बाहेर पडली, आणि 1919 मध्ये त्या गावास जमशेटजींचे नाव देण्यात आले. चांद्याच्या लोहाऱ्याची टेकडी त्यांनी घेतली नाही ती नाहीच.